कोपरा कापलेलं कार्ड

पोस्टकार्ड आता सहज मिळत नाही. भिलाईत पावर हाउसच्या पोस्टात मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा खिडकीतल्या मुलीने संपलीत म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा तिने खणातून एक पिवळा पडलेला गठ्ठा काढला आणि किती देऊ म्हणून विचारलं. मी एक मागितलं.

"एक के लिए इतनी दूर आए, आंटी?"

मी हो म्हटलं.

हे गेल्याला तेव्हा सोळा दिवस झाले होते. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी दुपारी, बोरसीच्या आमच्या घराच्या ओट्यावर, खुर्चीत बसल्याबसल्या हे गेले. मी आत पुस्तकांना कव्हरं घालत होते. कात्री मागायला बाहेर आले, तेव्हा कळलं. नातेवाइकांना मुलीने फोन केले, स्टील प्लांटमधल्या जुन्या लोकांना शेजाऱ्यांनी कळवलं. सगळे येऊन गेले. राहिला होता फक्त अण्णा.

अण्णा आमचा शेजारी. सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये आम्ही सव्वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. तो आंध्रच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा. तरुणपणी खलाशी, म्हणजे हेल्पर, म्हणून प्लांटमध्ये लागला आणि यांच्यासोबत कोळशाच्या भट्टीवर, कोक ओव्हनवर आला. दोघांची शिफ्ट एक, सायकलची वेळ एक, चहा एक. तेलुगू त्याच्या घरात, हिंदी प्लांटमध्ये, आणि आमच्या अंगणात तो आमची मराठी बोलायचा, नागपूरकडची, यांच्याकडून उचललेली. यांना तो ‘महाराज’ म्हणायचा, मला ‘वैनी’. रिटायर झाल्यावर बायको गेली, आणि तो आपल्या गावी समुद्राकाठी परत गेला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. ओव्हनच्या आवाजाने दोघांचेही कान गेलेले, त्यामुळे दोघं ओरडून बोलायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

त्याला फोन करायचा माझा धीर झाला नाही. ओरडून सांगावं लागलं असतं. यांच्याबद्दलचं ते वाक्य मी तोवर एकदाही तोंडाने बोलले नव्हते. जे काय सांगायचं ते मुलीनेच सांगितलं होतं. मी शाळेची ग्रंथपाल होते. जन्मभर मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं गेलं. म्हणून कार्ड.

आमच्याकडे निधनाच्या कार्डाचा एक कोपरा कापतात. घरात शिरण्याआधीच ओळखू यावं, की यात वाईट बातमी आहे. वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. माझ्या माहेरी अशी कार्डं उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचत. मी हिंदीत पाच ओळी लिहिल्या, कोपरा कात्रीने कापला, यांच्या डायरीतून पत्ता उतरवला आणि कार्ड टाकून आले.

हे गेल्यापासून अण्णाचा फोन आला नव्हता. पुढच्या रविवारी यांचा फोन वाजला. मी तो रोज चार्ज करत होते, का ते सांगता येणार नाही. पडद्यावर ‘अण्णा’ आलं. वाटलं, कार्ड मिळालं असणार, आता हा रडेल आणि मला रडावं लागेल. मी फोन वाजू दिला. त्याच्या पुढच्या रविवारीही. सहा रविवार तो वाजत राहिला. टेबलावर तो थरथरत सरकायचा आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे. सातव्या रविवारी वाजला नाही.

तेव्हा बरं वाटायला हवं होतं. पण मी दिवसभर त्या टेबलाच्या आसपास राहिले.

संक्रांत झाल्यावर मीच लावला. फोन बंद होता. चार दिवस लावला, चारही दिवस बंद. अण्णाही गेला असेल का, असं मनात आलं. आणि नसेल गेला, तर सहा वेळा हाक मारून ओ न मिळालेला माणूस माझ्याविषयी काय समजून बसला असेल? मुलीला सांगितलं, चार दिवस समुद्र पाहून येते. ती म्हणाली, मी सोबत येते. मी नको म्हटलं. तिने एवढंच कबूल करून घेतलं, की कपाळावरची टिकली काढायची नाही. तेराव्यालाही तिने ती काढू दिली नव्हती. "बाबांना आवडलं नसतं," म्हणाली. ते खरंच होतं.

दुर्गहून गाडी, सकाळी उतरून बस, बसमधून उतरून ऑटो. बस डोंगर सोडून सपाटीला लागली, तशी ताडाची झाडं सुरू झाली. मग हवा जड झाली, ओठ खारट लागायला लागले. समुद्र बराच वेळ दिसलाच नाही. आला तो एका वळणानंतर, दोन घरांच्या मधल्या फटीत, वाळत घातलेल्या लुंगीसारखा. गाव छोटं होतं. एक देऊळ, एक लाल पाण्याची टाकी, एक बर्फाचा कारखाना, आणि वाळूपर्यंत उतरत गेलेल्या तीन गल्ल्या. दहा वाजले होते, तरी कुठे गडबड नव्हती. होड्या पहाटे जाऊन आलेल्या, मासळी विकून झालेली. बायका रस्त्यावरच जाळ्या अंथरून बारीक मासे वाळत घालत होत्या आणि ऑटोला जागा द्यायला एक एक कोपरा उचलत होत्या.

तो वास मला ओळखीचा होता. क्वार्टरच्या मधल्या भिंतीवर अण्णाची बायको सुकी मासळी ठेवायची आणि मी त्या बाजूची खिडकी लावून घ्यायचे. सव्वीस वर्षं ती खिडकी बहुतेक बंदच राहिली. हे अण्णाकडे जाऊन मासे खायचे आणि परत येताना बडीशेप चावत यायचे. मला कळत नाही असं यांना वाटायचं. मलाही तसंच वाटू द्यायला आवडायचं.

अण्णा दरवर्षी या गावी बोलवायचा. "महाराज, एकडाव या. वैनीले बी आणा. समुद्रात पाय बुडवा." यांना यायचं होतं. मीच म्हणायचे, तिथे पाहण्यासारखं काय आहे, चार दिवस त्या वासात राहायचं का? हे म्हणायचे, "बरं, पुढच्या वर्षी जाऊ मग." चिडायचे नाहीत. चिडले असते तर कदाचित आलो असतो.

घर सापडायला वेळ लागला नाही. बर्फाच्या कारखान्यामागे निळ्या दाराचं घर. दारात एक बाई झाडत होती. अण्णाची सून. तिचा नवरा गुजरातकडच्या मोठ्या बोटींवर असतो, वर्षातले आठ महिने. तीही त्याच्यासोबत काही वर्षं तिकडे होती, त्यामुळे तिला कामापुरती हिंदी बोलता येते. मी ‘भिलाई’ म्हणताच तिने झाडू टाकला, माझी पिशवी घेतली, आणि ऑटोत वाकून पाहिलं.

"साहब किधर, अम्मा? पीछे आ रहे?"

मी ऑटोवाल्याचे पैसे देत राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही. वाटलं असेल, पाय मोकळे करायला थांबले असतील. ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि मागच्या दाराने जाऊन समुद्राच्या दिशेने मोठ्याने हाक मारली.

अण्णा वाळूतून आला. हातात जाळं विणायची सुई तशीच होती. सुटलेलं पोट पार गेलं होतं, केस सगळे पांढरे, चाल मात्र तीच, बूट घातल्यासारखी जड. तो जिवंत होता. मी भिंतीला टेकले.

"वैनी," तो म्हणाला, "आल्या तुमी. अन् महाराज कुठं हाय? सामान उतरवून राहिले का?"

"अण्णा, हे नाही आले."

"कावून?"

मी तीन महिने धरून चालले होते, की याला ठाऊक आहे. दुःख सांगायला नाही, माफी मागायला आले होते. आणि हा दारात उभा राहून विचारत होता, कावून, का नाही आले.

सुनेला आमची मराठी कळत नव्हती, पण सूर कळला असावा. ती हसत म्हणाली, "चिट्ठी में तो लिखा था, दोनों आ रहे. मामय्याने पढ़ के बोला. तब से रोज बोलते, आज आएंगे, कल आएंगे." मामय्या म्हणजे सासरे. आणि तिने देवांच्या फोटोकडे बोट दाखवलं.

फळीवर तीन फोटो होते. मधल्याच्या चौकटीत माझं कार्ड खोचलेलं होतं. कापलेला कोपरा वर. त्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं, आणि खाली वाळलेलं झेंडूचं फूल. जे कार्ड आमच्याकडे उंबऱ्याच्या आतही आणत नाहीत, ते तीन महिने देवांत बसलं होतं. त्यांच्याकडे ही रीत नसावी, किंवा पोस्टातच कुठे फाटलं असं वाटलं असावं. मी अण्णाकडे पाहिलं. तो सुईला दोरा नसताना दोरा ओढत होता. वर पाहत नव्हता.

तेवढ्या वेळात मला कळलं. अण्णाला हिंदी वाचता येत नाही.

हे लिहायला मला अजून लाज वाटते. सव्वीस वर्षं रोज दुपारी, फर्स्ट शिफ्ट संपल्यावर, तो आमच्या ओट्यावर यायचा. हे हिंदी पेपर उघडायचे आणि मोठ्याने वाचायचे. मी आतून म्हणायचे, अहो मनात वाचा, शाळेतल्या मुलांसारखं काय वाचता. हे म्हणायचे, "मले असंच समजते." मग हे अंघोळीला गेले की अण्णा पेपर हातात धरून बसलेला असायचा, पानं उलटत. मी त्याला चहा द्यायचे आणि विचारायचे, काय म्हणतोय आजचा पेपर? तो म्हणायचा, "तेच, वैनी. महागाई." मी, जिने हजार मुलांना वाचायची गोडी लावली म्हणून शाळेने शाल दिली, तिला भिंतीपलीकडचा माणूस ओळखता आला नाही. यांनी ओळखलं होतं. आणि मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी सुनेला म्हटलं, "थोडा काम आ गया था." खोटं इतकं सहज आलं, की मीच चपापले.

तिने जेवायला वाढलं. मी काही म्हणण्याआधीच अण्णाने माळ्यावरून एक गंज, भाताचं पातेलं, काढायला लावला. नवा कोरा, कागद अजून चिकटलेला. "यात वैनीचं वेगळं शिजव," तो तिला त्यांच्या भाषेत म्हणाला असावा, कारण मग मला म्हणाला, "यात मासा कधी नाई गेला, वैनी. कार्ड आलं ना, तवाच आणला होता मी." मी त्या गंजातला भात खाल्ला. कसा खाल्ला ते सांगू शकत नाही. तो समोर बसून सांगत होता, महाराजासाठी कोणता मासा ठेवतो, कुठल्या महिन्यात तो गोड असतो. "बडीशेप बी आणून ठेवली," असं म्हणून त्याने माझ्याकडे चोरून पाहिलं.

"मला माहीत होतं अण्णा," मी म्हटलं.

"आमाले बी माहीत होतं, तुमाले माहीत हाय म्हणून," तो म्हणाला आणि खूप हसला. मीही हसले. मग मला ताटावरून उठावं लागलं.

दुपारी सून मासे उलटायला गेली. अण्णा म्हणाला, चला, समुद्र दाखवतो. निघताना त्याने देवांच्या फळीवरून कार्ड काढून सदऱ्याच्या खिशात घातलं. मी पाहिलं, त्यालाही ते कळलं.

वाळूवर फायबरच्या होड्या ओढून ठेवल्या होत्या, बारा-पंधरा. दोन होड्यांच्या मधल्या सावलीत आम्ही बसलो. समोर समुद्र होता. मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. मग त्याने कार्ड काढून माझ्यासमोर धरलं, दोन्ही हातांनी, अर्ज द्यावा तसं.

"वैनी, याच्यात काय लिवलं हाय?"

मी ते घेतलं. कुंकू माझ्या बोटाला लागलं.

"सुनेले मी म्हटलं, येऊन राहिले. काहीतरी सांगावं लागे ना. तीस वर्षं हिंदी मुलखात राहून आलो म्हणून गावात मोठा झालो मी. कोणाची हिंदी चिट्ठी आली त माझ्याकडे आणतात. मी चष्मा नाई म्हणून सांगतो." तो वाळूत बोट फिरवत होता. "म्हटलं, महाराजालेच फोन करून विचारतो काय लिवलं. त कोणी उचले ना. वाटलं, रागावले. मागच्या फोनवर मी त्यायले बोललो होतो. म्हटलं, तुमी येत नाई, तुमाले आमच्या घरची घाण वाटते. असं बोललो मी, अन् कार्ड येईपर्यंत लाजेनं फोन बी नाई केला. मग तो फोनच पडला माझ्या हातून, खाऱ्या पाण्यात. म्हटलं, जाऊ दे."

"हे रागावले नव्हते, अण्णा."

"मग वाचा."

मी वाचलं. माझ्या स्वतःच्या अक्षरातलं मला नीट दिसत नव्हतं, पण पाठ होतं. "आदरणीय अण्णा, अत्यंत दुःख के साथ सूचित करना पड़ रहा है कि आपके मित्र दशहरे के बाद के मंगलवार को अचानक हमें छोड़कर चले गए। उन्हें कोई कष्ट नहीं हुआ। वे आपको बहुत मानते थे।" इतकं वाचलं आणि थांबले. अजून दोन ओळी होत्या. ‘सब कार्य सम्पन्न हो चुके हैं। आप आने का कष्ट न करें।’ त्या मी वाचल्या नाहीत. माझं दुःख मला एकटीलाच हवं होतं, कुणाची भागी नको होती, म्हणून मी त्या लिहिल्या होत्या. अण्णाला वाचता येत नाही याचा मी त्या क्षणी फायदा घेतला. हे कुणालाही सांगितलेलं नाही, आज इथे लिहिते आहे.

तो सुईसारखा ताठ बसून होता. चांगला कान त्याने माझ्याकडे केलेला होता, तो तसाच ठेवला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पण पुन्हा वाचायची ताकद नव्हती.

"त्या दिवशी जेवले होते?" त्याने विचारलं.

"हो."

"काय?"

"वांग्याचं भरीत. भाकर."

"बरं," तो म्हणाला. "भरीत आवडे त्यायले." आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. आवाज काही आला नाही. ओव्हनवर तोंडाला फडकं बांधून काम केलेली माणसं अशीच रडतात की काय कोण जाणे, तोंड मिटून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. ठेवला नाही. आमच्यात तशी सवय नव्हती.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "अण्णा, तुमचा फोन मी उचलला नाही. मीच. मी समोर बसून वाजू दिला."

"सहाही डाव?"

"सहाही वेळा."

त्याने नाक पुसलं. "तुमी उचलला नाई, मी वाचलं नाई," तो म्हणाला. "महाराजाच्या मागं आपण दोघं बी फेल, वैनी." रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर मला सोसलं असतं.

मी कार्ड फाडायला लागले, ते घरात ठेवू नये म्हणून. त्याने माझ्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या."

"ते ठेवत नाहीत, अण्णा. वाईट असतं."

"त्यायच्या हातचं काही नाई माझ्यापाशी," तो म्हणाला. मी म्हणणार होते, यांच्या हातचं नाही, माझ्या हातचं आहे. म्हटलं नाही.

घरी जाता जाता तो थांबला. "सुनेले काय सांगायचं?"

"मी सांगते. कार्ड आधीचं होतं, आम्ही निघणार होतो तेव्हाचं. मग हे गेले, आणि मी सांगायला आले."

"तुमी खोटं बोलाल? महाराज म्हणे, तुमी रजिस्टरमधी एक पुस्तक खोटं नाई लिवलं."

"बोलेन," मी म्हटलं.

आणि तसंच सांगितलं. सून दाराला धरून खाली बसली. ती यांना एकदाच भेटली होती, भिलाईत झालेल्या तिच्या लग्नात. तरी ती मोठ्याने रडली, गल्लीला ऐकू जाईल असं. शेजारच्या बायका आल्या, माझ्याभोवती बसल्या, एकीने माझे पाय धरले. मला त्यांची भाषा येत नव्हती आणि कुणी मला बोलायला लावलं नाही. अण्णा संध्याकाळी कुठेतरी जाऊन आला. जेवला नाही. मी लवकर पडले. इतक्या महिन्यांनी झोप लागली.

जाग आली तेव्हा फटफटत होतं. ऑटोवाल्याने सांगितलं होतं, पहाटे इथे इंजिनांचा एवढा आवाज असतो, की झोप येणार नाही. पण आवाज नव्हता. मी मागच्या दाराने बाहेर आले. सगळ्या होड्या वाळूवरच होत्या, कालच्याच जागी. माणसं होड्यांना टेकून बसली होती. कुणी बिडी ओढत होतं, कुणी नुसतंच. समुद्र सपाट होता, जायला चांगला दिवस असावा, कारण जो तो त्याच्याकडे पाहत होता.

सून पाणी भरत होती. मी तिला विचारलं, आज सुट्टी आहे का?

"गली में कोई मर गया तो नाव नहीं जाती, अम्मा. एक दिन."

"कौन मर गया?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारलं ते मला तेव्हा कळलं.

"मामय्याने कल बोला. उसका भाई गया."

मी वाळूत उतरले. अण्णा होड्यांपाशी उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून. एक जाडजूड माणूस त्याच्याशी वाद घालत होता. मी विचारलं, काय म्हणतात हे? अण्णाने आधी टाळलं, मग सांगितलं.

"म्हणतो, तुझा भाऊ लोखंडाच्या गावचा. त्यानं कधी पाण्यात पाय नाई टाकला. त्याच्यासाठी आमचं जाळं कावून कोरडं राहावं."

"बरोबरच म्हणतात, अण्णा. जाऊ द्या त्यांना. मला नको हे."

"तुमच्यासाठी नाई थांबवलं मी, वैनी," तो म्हणाला. मग त्या माणसाकडे वळून त्याने तेलुगूत दोन वाक्यं टाकली. बाकीचे हसले. जाडा माणूसही नाइलाजाने हसला आणि बसला. मी विचारलं, काय म्हटलंत? "म्हटलं, तुझी सासू मेली तवा मी चार दिवस थांबलो होतो, अन् ती बी कधी होडीत नाई बसली. तिले होडीनं उचललं नसतं."

गल्लीचा म्हातारा, त्यांचा पंच, काठी टेकत आला. सगळे उठले. तो पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि अण्णाला काही विचारलं. अण्णा म्हणाला, महाराज. म्हाताऱ्याने मान हलवली. पुन्हा विचारलं. अण्णा चुळबुळला. माझ्याजवळ आला.

"नाव विचारून राहिला. आज कोणासाठी गेलो नाई, ते पाण्याले सांगावं लागते. महाराज चालत नाई म्हणे, ते काही नाव नाई." तो खाली पाहत होता. "मले त पुरं नाव ठाऊक नाई, वैनी. हजेरीले त्यायचा नंबर घेत."

सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती.

यांचं नाव मी गेल्या चार महिन्यांत किती ठिकाणी लिहिलं असेल. दाखल्यावर, पेन्शनच्या फॉर्मवर, बँकेत, विजेच्या बिलासाठीच्या अर्जावर. प्रत्येक ठिकाणी नावापुढे ‘स्वर्गीय’ हा एकच शब्द लिहायचा असे, आणि मी तो नीट, सुवाच्य अक्षरात लिहिला. पण तोंडाने मी यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत उखाण्यात एकदा घेतलं असेल. नंतर ‘हे’ आणि ‘अहो’ यांवरच चाळीस वर्षं निभली. शिकलेली होते, त्यात काही नाही हे मला कळत होतं, तरी जीभ वळली नाही. हे कधी कधी गमतीने म्हणायचे, हरवलो त काय म्हणून हाक मारशील?

मी पाण्यापर्यंत गेले. पायाखालची वाळू सरकली. चपला मी काढल्या नव्हत्या, त्या भिजल्या. म्हातारा माझ्याकडे वाकला.

मी नाव सांगितलं.

त्याने ते उच्चारून पाहिलं. त्याच्या तोंडून ते वेगळंच आलं, लांबलेलं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. त्याने कानामागे हात धरला.

मी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने. वडिलांचं नाव, आडनाव, आणि गाव भिलाई.